जाड भाले

भाले जाड आहेत, असं तुम्ही म्हणालात. तुम्हीच. भरल्या हॉलमध्ये माझा स्वार दोन बोटांत उचललात, खिडकीच्या उजेडात धरलात आणि म्हणालात, "हे भाले की विजेचे खांब? वर एकेक बल्ब लावा, निदान उजेड तरी पडेल." सगळे हसले. तुमचं काय गेलं? तुमच्या घरात माणसं दोन आणि डोळे चार, चारही शाबूत. माझ्या घरात माणसं दोन आणि डोळे तीन. चौथा तुम्ही घेतलात. त्या एका वाक्यानं घेतलात. आहे का काही उत्तर?

एवढं सगळं तो आरशासमोर उभा राहून, तोंडातल्या ब्रशभोवती फेस जमवत पुटपुटला. पाच महिने रोज सकाळी पुटपुटत होता. भाषण आता घोटून घोटून गुळगुळीत झालं होतं. कुठे थांबायचं, कुठे बोट रोखायचं, सगळं बसलं होतं. फक्त ज्यांना ऐकवायचं ते पंच आरशात नसायचे. आरशात असायचं ते फेसाळल्या तोंडाचं एक ध्यान. आणि ज्या रविवारी पंच खरोखर समोर येत, त्या रविवारी हा "नमस्कार साहेब, गुडघा काय म्हणतोय?" एवढं विचारून मोकळा व्हायचा.

"कुणाशी बोलतोयस?" बायकोनं दाराबाहेरून विचारलं.

"कुणाशी नाही. गुळण्या करतोय."

"गुळण्या 'तुम्ही, तुम्ही' अशा करतात होय? आटप लवकर. आज डोळा बसवायचाय."

आज डोळा बसवायचा होता. वास्तविक डोळा बसवणं ही त्याची रोजची गोष्ट. कृत्रिम डोळे बनवणाऱ्या तीन खोल्यांच्या कारखान्यात तो एकोणीस वर्षं बुबुळं रंगवत होता. नखाएवढी चकती, तिच्यावर तीन केसांच्या ब्रशानं तपकिरी, करडी, मधाळ रेघ, मध्ये काळी बाहुली. पांढऱ्यावर शिरा दाखवायला लाल रेशमाचे तंतू सुईनं अंथरायचे, वरून पारदर्शक थर. माणूस येतो, खिडकीशी बसतो, ह्याच्या नाकाच्या शेंड्याकडे बघत राहतो, आणि हा त्याच्या उरलेल्या डोळ्याची जोडी लावतो. कित्येक डोळे त्यानं असे लावले. लग्नाच्या गर्दीत, बँकेच्या रांगेत, कुठे कुठे ते फिरतात आणि शेजारच्याला पत्ता लागत नाही. म्हणून ओळखीतले लोक त्याला डोळेवाला म्हणायचे. आणि ह्या डोळेवाल्याला अकरा वर्षांच्या संसारात बायकोच्या डोळ्यांचा रंग ठाऊक नव्हता. इस्पितळातून आल्यावर कारखान्यातल्या उस्तादांनी, ज्यांच्या हाताखाली तो शिकला त्यांनी, विचारलं होतं, "रंग सांग, चकती घडवायला घेतो." तो म्हणाला, "तपकिरी." उस्तादांनी भिंतीवरच्या फळीकडे बोट केलं. "तपकिरीच्या एकतीस बाटल्या आहेत बाबा. कुठली?" हा फळीकडे बघत राहिला. घरी टेबलावर उभ्या असलेल्या साठ स्वारांच्या चेहऱ्यांचे रंग मात्र त्याला झोपेतून उठवलं असतं तरी क्रमानं सांगता आले असते. सात तपकिरी होत्या त्या. एकाच शहरातल्या माणसांची कातडी एकसारखी कशी असेल, बाटलीतला काळा फासून मोकळं होणं म्हणजे त्या माणसांचा अपमान आहे, असं तो क्लबात छाती काढून सांगायचा. अपमान कशात असतो ते त्याला इतकं बारीक कळायचं.

ते साठ स्वार आफ्रिकेतल्या हौसा लोकांचे. रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पंधरावीस पोक्त माणसं जमून टेबलावर जुन्या काळातली युद्धं खेळतात. शिशाचे सैनिक, अंगठ्याच्या पेराएवढे, फासे टाकून पुढेमागे सरकवायचे. प्रत्येकाचं आपलं एक सैन्य. ते ज्यानं त्यानं रंगवायचं, आणि ते खऱ्यासारखं आहे की नाही हे पंच ठरवणार. पंच म्हणजे निवृत्त नकाशेवाले. आयुष्यभर नद्या आणि हद्दी आखल्या, आता दुसऱ्यांच्या टोप्या आणि बटणं तपासतात. त्यांनी मान हलवली तरच सैन्य टेबलावर उतरायचं. बाकीच्यांची सैन्यं डब्यात विकत मिळणारी होती. औषधाच्या दुकानातला एकजण रोमन फौजा लढवायचा, त्याचं नावच रोमन पडलं होतं. ह्याला डब्यातलं काही नको होतं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात एका प्रवासवर्णनात त्याला एक चित्र सापडलं: मोठ्या वाळवंटाच्या दक्षिणेकडे, मातीच्या उंच तटामागे, निळीच्या हौदांची आणि बाजारांची शहरं; आणि तटाच्या दरवाज्यातून बाहेर पडणारं घोडदळ. स्वार आणि घोडा दोघांच्याही अंगावर सावरीचा कापूस भरून शिवलेलं जाडजूड चिलखत, ठिगळाठिगळांचं, लाल, पांढरं, निळं. डोक्याला गुंडाळलेलं लांबलचक पागोटं, फक्त डोळे उघडे. हातात उंच, सडपातळ भाला. फक्त डोळे उघडे, हे बघून हा तिथेच दुकानात खाली बसला. असलं सैन्य त्याच्या माहितीतलं कुणी विकत नव्हतं, म्हणजे ते घडवावं लागणार होतं; आणि घडवायचं म्हणजे दुसऱ्यांची माणसं कापायची. एका देशाचं धड, दुसऱ्याचा हात, तिसऱ्याचं मुंडकं. मुंडकं कापलं की मानेत बारीक भोक, त्यात तारेचा तुकडा, वर नवं मुंडकं, फटीत वाळून कडक होणारा लगदा. त्याला हे कापणं आवडायचं. पात्याखाली शिसं लोण्यासारखं सरकतं, आणि मग बारीकसं कट् होतं, त्या क्षणी त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. कारखान्यात तो लोकांचं गेलेलं भरून काढायचा. घरी येऊन असलेलं कापायचा. कापलेली मुंडकी तो बशीत ठेवायचा.

"बशी चहाची आहे," बायको म्हणायची, "मुंडक्यांची नाही. पाहुणा आला तर काय विचारू? साखर किती आणि डोकी किती?"

हसायची ती तेव्हा. तिचं काम रफूचं. कपडे धुण्याच्या मोठ्या दुकानात मागच्या बाजूला बसून ती जळलेले कोट, कसर लागलेल्या शाली जोडायची. असं जोडायची की मालकालाच भोक सापडायचं नाही. घोड्यांची चिलखतं पहिल्यांदा त्यानं लगद्यातून केली तेव्हा तिनं एक उचलून नाकाशी धरलं. काहीही बारीक बघायचं तर ती अशीच नाकाशी धरायची, ती तिची सवय. म्हणाली, "ही शिवण नाही रे, हे नांगरलेलं वावर आहे. कापूस भरलेल्या कापडावर टीप घातली की दोन्ही बाजूंनी फुगतं. तू नुसता खड्डा पाडतोस. फुगवटा कुठाय?" मग तिनंच सुई घेऊन ओल्या लगद्यावर एक घोडा करून दाखवला. टीप अशी दाबायची, सुई अशी वळवायची, की दोन टिपांमधला चौकोन उशीसारखा वर येतो. साठातले पस्तीस घोडे तिनं केले. पुढे पंचांनी भिंग लावून सैन्य बघितलं तेव्हा म्हणाले, "चिलखत मात्र बहारदार. कसब आहे तुमच्या बोटांत." हा म्हणाला, "आपली कृपा." कसब कुणाच्या बोटांत आहे ते त्यानं सांगितलं नाही. आणि त्याच दमात पंचांनी ते भाल्यांचं वाक्य टाकलं. ते हसणं. रोमन तर टेबलावर थाप मारून हसला. त्या हसण्यात त्याची सतरा महिन्यांची मेहनत अशी विरघळली की घरी येईपर्यंत त्याला आपले कान गरम लागत होते. शिशाचे भाले जाडच असतात. बारीक करायचे तर शिसं वाकतं. मग त्यानं वाद्यांच्या दुकानातून पोलादी तार आणली. साठही स्वारांची मूठ पोखरायची, तार ओवायची, डिंक घालायचा, वरची टोकं कातरायची. पंच म्हणाले होते, "पुढच्या रविवारी अकरा वाजता परत बघू." आणि तो रविवार उजाडला तेव्हा शेवटचा स्वार, सगळ्यांत पुढे उभा राहायचा तो सरदार, अजून बिनभाल्याचा होता.

"निघायचं का?" ती चपला घालून दारात उभी होती. डाव्या डोळ्यावर पाच महिने असायची तशी पांढरी पट्टी.

रस्त्यानं तो तिच्या डाव्या बाजूनं चालला, कारण डावीकडून येणारं तिला दिसत नाही. फुटपाथ उतरताना ती पाय आधी हवेत जरा चाचपते, मग टेकवते. एका डोळ्याला खोली कळत नाही. सुईच्या भोकात दोरा जात नाही तोही त्याचमुळे. दोरा भोकासमोर आहे असं वाटतं आणि असतो तो बोटभर अलीकडे. पहिल्या महिन्यात तिनं दुकानात बसून एक कोट घेतला होता, संध्याकाळपर्यंत दोरा ओवत राहिली. मालक भला माणूस, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून तिला पुढे गल्ल्याशेजारी बसवलं, कपड्यांना नंबरच्या चिठ्ठ्या टाचायला. टाचणीसुद्धा बोटात जाते. बोटांची टोकं बारीक बारीक भोकांनी भरलीत. ती काही म्हणत नाही. तिची धाकटी बहीण मात्र आली की म्हणते. "भावजी, आमची ताई नशिबाची हो! दुसऱ्यांना डोळा बाहेरून करून आणावा लागतो, हिला घरचा. फोडणारे तुम्ही, लावणारेही तुम्ही." तेव्हा तो म्हणाला होता, "अपघात होता तो. आणि मी लगेच धरलं हिला. लगेच." तसंच डॉक्टरांना म्हणाला. तसंच उस्तादांना. ती प्रत्येक वेळी तिथेच बसलेली असायची, आणि प्रत्येक वेळी ती मान वळवून त्याच्याकडे बघायची. पट्टी असल्यामुळे पूर्ण मान वळवावी लागायची, म्हणून ते बघणं मोठं वाटायचं.

पंचांनी बोलावलं अकराला. पंच वक्तशीर. पंचांनी घाई लावली. पंचांनी. रस्ता संपेपर्यंत तो हेच उगाळत होता.

त्या रविवारी तो टेबलाशी बसला होता, डोक्याला भिंगाचा पट्टा, भिंग डोळ्यांवर ओढलेलं. सरदाराच्या मुठीतला डिंक अजून ओला. चिमटा दुसऱ्या घोड्यात अडकलेला. घड्याळात दहा वीस. त्यानं हाक मारली, "अगं, जरा ये. एक मिनिट. हा धर." तिनं हात पुसले, आली, स्वार धरला, आणि सवयीनं नाकाशी नेला. "ह्याच्या घोड्याची टीप मीच घातलीय," म्हणाली. पोलादी तार कातरताना सुटं टोक बोटानं दाबायचं किंवा फडक्यात धरायचं, नाहीतर ते गोळीसारखं उडतं. हा नियम कारखान्याच्या भिंतीवर त्याच्याच अक्षरात लिहिलेला आहे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तो हेच सांगतो. त्यानं टोक दाबलं नाही. दाबायला दुसरा हात रिकामा हवा होता आणि दुसऱ्या हातात घड्याळ होतं. टक् झालं. ती फक्त "अरे" म्हणाली. मोठ्यानं नाही, पायाखाली पायरी नसली की म्हणतो तसं. आणि त्यानंतर त्याला आठवतं ते एकदम खुर्चीत बसलेली ती, तळहात डोळ्यावर, आणि हा गुडघ्यांवर तिच्यासमोर. मधलं नाही. पाच महिने तो मधलं सोडून देत आला होता. त्या जागेवर पंच येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, भाले जाड आहेत.

एक गोष्ट मात्र खरी. तिसऱ्या महिन्यात तो सैन्य घेऊन पुन्हा हॉलवर गेला. रोमन म्हणाला, "वहिनींचं ऐकलं. वाईट झालं. पण काय रे, डोळेवाल्याच्याच घरी!" आणि ओठ दाबून हसला. पंचांनी साठही भाले एकेक बघितले, सरदारावर येऊन थांबले. "आता शोभतो भाला," म्हणाले. "उतरवा टेबलावर." आणि ह्याची छाती भरून आली. बायको घरी टाचणीनं टोचलेली बोटं पाण्यात बुडवून बसलेली असताना ह्या माणसाची छाती आनंदानं भरून आली, आणि तो जिंकलासुद्धा त्या दिवशी.

कारखान्यात उस्ताद वाट बघत होते. त्यांनी आधीच सांगितलं होतं, "घरचा डोळा घरच्यानं करू नये. हात धड चालत नाही. मी करतो." ती म्हणाली होती, "नाही. ह्यानंच करायचा." मंगळवारी चकती रंगवायला ती खिडकीशी बसली तेव्हा नियमाप्रमाणे हा म्हणाला, "माझ्या नाकाकडे बघ." तिनं नाकाकडे बघितलं नाही. साडेतीन तास ती सरळ ह्याच्या डोळ्यांत बघत होती आणि ह्याला तिच्या डोळ्यातून नजर काढता येत नव्हती, कारण तेच तर काम होतं. तेव्हा त्याला कळलं की तिचं बुबुळ तपकिरी आहे पण कडेला शेवाळी झाक आहे, आणि घड्याळात चार वाजतात त्या जागी एक काळा ठिपका आहे, मोहरीच्या चतकोराएवढा. अकरा वर्षं तो ठिपका ह्याच्या समोर जेवत होता. आणि बाहुली मोठी होत होती. उजेड तोच, खिडकी तीच, तरी बाहुली मोठी होत होती. उस्ताद सांगायचे, गिऱ्हाईक घाबरलं किंवा संतापलं की बाहुली फुगते, मग थांबावं, पाणी द्यावं. हा थांबला नाही. चार मिलिमीटरची बाहुली काढली आणि मोकळा झाला.

आता डोळा तयार होता, मखमलीच्या डबीत, ओला, चकचकीत. तिनं पट्टी सोडली. पापणीच्या आतली ती गुलाबी पोकळी. त्यानं हात धुतले, वरची पापणी उचलली, डोळा वर सरकवला, खालची पापणी ओढून सोडली. हात नेहमीसारखे चालले. हातांना काही ठाऊक नसतं.

"वर बघ. आता खाली. आता समोर."

"वा!" उस्ताद म्हणाले. "कुठला खरा ते देवालाही विचारावं लागेल."

खरंच, रंग तंतोतंत होता. शेवाळी कड, चारच्या जागी ठिपका, पांढऱ्यावर रेशमाच्या शिरा. तिनं आरसा घेतला, पुष्कळ वेळ बघितलं, मग आरसा मांडीवर पालथा ठेवला आणि समोर बसलेल्या ह्याच्याकडे बघितलं. उजवा डोळा ह्याच्यावर. आणि डावा ह्याच्या कानाच्या बाजूनं मागे, भिंतीकडे कुठेतरी. केसभराचा फरक. पण त्याला तत्क्षणी कळलं. शिशाच्या सैनिकाचे डोळे कधी सरळ रंगवत नाहीत. इवल्या चेहऱ्यावर बुबुळ मधोमध टेकवलं की सैनिक भूत बघितल्यासारखा घाबरट दिसतो. म्हणून ठिपका जरा डावीकडे सरकवायचा. साठही स्वारांना त्यानं तसाच सरकवला होता. आणि साठांनंतर एकसष्टाव्या वेळीही हातानं तेच केलं. चकती बसवताना अर्धा मिलिमीटर डावीकडे. एकोणीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाच्या बाबतीत झालं नव्हतं.

"हा कुठे बघतोय?" तिनं विचारलं.

"जरा... अर्धा मिलिमीटर. होतं असं. चार दिवसांत दुसरा करतो."

"तुझे घोडेवाले बघतात तिकडेच बघतोय ना?"

उस्तादांनी घसा खाकरला. "मी चहाचं सांगून येतो," म्हणाले आणि दार ओढून घेऊन गेले.

"सवयीनं झालं गं."

"सवयीनं झालं, का तुला हवं होतं तसं झालं? मी तुझ्याकडे बघू नये म्हणून?"

"काहीतरीच काय बोलतेस! हे सगळं त्या पंचांमुळे. भाले जाड म्हणाले ते. चारचौघांत हसवलं मला. अकरा वाजता या म्हणाले. ते म्हणाले नसते तर मी तारच आणली नसती. त्यांना जाब..."

"पंच त्या दिवशी आपल्या घरात नव्हते," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली, आणि पंच उठून गेले. पाच महिने जी जागा अडवून बसले होते ती रिकामी झाली आणि मधलं सगळं तिथे होतं, जसंच्या तसं. टक्. "अरे." तिच्या हातातून स्वार सुटला, फरशीवर पडला, टेबलाच्या पायाशी घरंगळला. आणि हा वाकला. वाकून त्यानं सरदार उचलला. फुंकर मारून धूळ उडवली. मग त्याला खिडकीच्या उजेडात धरून, एक डोळा मिटून, भाल्याच्या रेषेत बघितलं. भाला वाकला नव्हता. मग पेटीत सरदाराचा खण शोधला, त्यात त्याला नीट आडवा ठेवला, कापूस दाबला. आणि मग मागे वळला.

"मी उभी होते," ती म्हणाली. "एका डोळ्यात आग होती, दुसरा उघडा होता. धाकटीला सांगितलंस, लगेच धरलं. डॉक्टरांना सांगितलंस, लगेच धरलं. मी गप्प बसले. मला वाटलं, एक दिवस हा आपणहून सांगेल. रोज सकाळी बाथरूममध्ये तुझं 'तुम्ही, तुम्ही' ऐकते आणि वाटतं, आज बाहेर येईल आणि 'मी' म्हणेल."

"कसं झालं तेच मला... अगं, ओला डिंक होता, मला वाटलं..."

"काय वाटलं ते नंतर. आधी काय केलंस ते."

त्यानं खाली बघितलं. तिनं पुढे झुकून, टोचलेल्या बोटांनी त्याची हनुवटी धरली आणि चेहरा वर केला, गिऱ्हाइकांचा तो करतो तसा. काहीही बारीक बघायचं तर ती नाकाशी धरायची. इतकी जवळ आली की तिचा एक डोळा त्याच्या डोळ्यात होता, बाहुली हळूहळू फुगत होती, आणि दुसरा त्याला ओलांडून भिंतीकडे बघत होता, बाहुली चार मिलिमीटरचीच, जराही न हलता.

"मी पाहिलंय. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. माझा डोळा गेला तेव्हा तू खाली वाकून आधी काय उचललंस? बोल."